चिऊची दोन वयं

चिऊ केवढी झाली असं कुणी विचारलं की माझ्या तोंडात एकदम दोन उत्तरं येतात. एक जन्मतारखेवरून आणि एक डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवरून. तारीख होती २८ जानेवारी, ती आली १० डिसेंबरला, म्हणजे मोजून सात आठवडे आधी. ३३ आठवडे त्या दिवशी पूर्ण झाले होते आणि वजन भरलं १७१० ग्रॅम. तिच्यासाठी आणलेली झबली तिला घालून बघायचा प्रश्नच नव्हता, एकेका झबल्यात दोन चिऊ मावल्या असत्या. डॉक्टर म्हणाले, हिचं जन्मावरून एक वय धरायचं आणि मूळ तारखेवरून दुसरं, त्याला करेक्टेड वय म्हणतात, साधारण दोन वर्षांची होईपर्यंत तिची प्रगती त्या दुसऱ्या वयाने बघायची. मी मान हलवली पण खरं सांगते, तेव्हा डोक्यात काहीच शिरलं नाही. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की ती दूध कधी पिणार.

ती पिऊ शकत नव्हती. मला आधी वाटायचं बाळ जन्मलं की छातीला लावायचं आणि ते पितं, त्यात शिकायचं काय. पण चोखणं, गिळणं आणि मधेच श्वास घेणं या तीन गोष्टी एका तालात यायला साधारण ३४ आठवडे लागतात म्हणे, आणि आमच्याकडे तो शेवटचा आठवडाच कमी पडला होता. त्यामुळे तोंडातून पोटात एक बारीक नळी. डिलिव्हरीनंतर तीनेक तासांनी सिस्टर दोन मिलीची सिरिंज घेऊन आली आणि म्हणाली, ताई चीक काढायचाय. चीक म्हटलं की मला फक्त खरवस आठवायचा, मामाकडची गाय व्याली की शेजारीपाजारी वाटला जायचा तो. माझ्याच अंगातून तो निघणार हे एवढ्या महिन्यांत एकदाही मनात आलं नव्हतं. सिस्टरने अंगठा आणि बोटं कुठे ठेवायची, आधी आत छातीकडे कशी दाबायची, मग कशी पिळायची ते दाखवलं, वीस मिनिटं चाललं होतं आणि शेवटी सिरिंजमध्ये जमलं दीड मिली. घट्ट, पिवळंधमक. मला रडू आलं की एवढंसं, आणि ती म्हणाली, एवढंसंच असतं, आणि हेच पहिलं लसीकरण समजा. तिने ती सिरिंज दोन्ही हातांनी धरून नेली, देवळातून तीर्थ आणतात तशी. ती बाई मी जन्मात विसरणार नाही.

पहिले दोन दिवस माझं पुरलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेलं पावडरचं दूध थोडं दिलं. मिल्क बँक आमच्या हॉस्पिटलला नव्हती. नंतर वाचलं की आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी आपल्याच मुंबईत, सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. म्हणजे आपल्या राज्यात हे सुरू होऊन इतकी वर्षं झाली तरी जिथे जिथे अशी एवढीशी बाळं काचेत ठेवतात तिथे तिथे ती का नसावी, हे मला अजून कळत नाही. आणि हेही सांगते, ज्यांना वरचं दूध द्यावं लागतं त्यांना कुणी नावं ठेवली की मला फार लागतं. त्या दोन दिवसांत त्याच दुधाने माझी मुलगी तगली.

सहाव्या दिवशी नळी निघाली आणि सिस्टरने स्टीलची एक चोचवाली छोटी वाटी आणली. तिकडे तिला पालडाई म्हणत होते. आई काचेबाहेरून बघत होती, मी बाहेर आले तर म्हणते, अगं हे तर बोंडलं! तुला मी ह्यानेच पाजायचे. दुसऱ्या दिवशी माळ्यावरच्या डब्यातून आमचं चांदीचं बोंडलं काढून, चिंचेने घासून, उकळून घेऊन आली. हॉस्पिटलमध्ये ते वापरू दिलं नाही, ते बरोबरच होतं, पण ती ते पिशवीत घेऊन रोज यायची.

बोंडल्याने पाजणं लिहून काढण्यासारखं आहे. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, मान आपल्या तळहातावर, चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची आणि इतकंच तिरपं करायचं की दूध ओठाला नुसतं लागेल. ओतायचं नाही. ओतलं की ठसका, ठसका लागला की मशीन वाजणार आणि तुमचा जीव अर्धा होणार. दूध ओठाला लागलं की थोड्या वेळाने जीभ बाहेर येते, मांजर पिते तशी, एक घोट घेते, मग थांबते. ही थांबते तेव्हा आपणही थांबायचं. ती दमते. खरंच दमते, कपाळावर आठी पडते आणि झोपून जाते, मग तळपायाला बोट घासून उठवायचं. १२ मिली पाजायला मला पहिल्यांदा पस्तीस मिनिटं लागली आणि त्यातलं निम्मं गळ्याखालच्या कापडात गेलं. त्या ओल्या कापडाकडे बघून माझ्या पोटात तुटायचं, कारण ते दूध मी रात्री तीन वाजता उठून काढलेलं असायचं.

वजन चौथ्या दिवशी १५९० वर उतरलं. सगळ्याच बाळांचं पहिल्या दिवसांत उतरतं, सात ते दहा टक्क्यांपर्यंत चालतं असं सांगितलं होतं, पण साडेतीन किलोच्या बाळाचं उतरणं आणि हिचं उतरणं, आईच्या डोळ्यांना ते सारखं दिसत नाही ना. अकराव्या दिवशी परत १७१० झालं. त्या दिवशी नवऱ्याने वॉर्डमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. जन्माच्या वेळी वाटायचे राहिले होते.

कांगारू केअर आम्हाला पाचव्या दिवसापासून दिलं. बाळाच्या अंगात फक्त टोपडं आणि लंगोट, आणि ते आपल्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधे, बेडकासारखे पाय फाकून, वरून ओढणीने घट्ट बांधायचं. ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटाला १९७८ च्या सुमाराला सुरू झाली, कारण तिथे काचेच्या पेट्याच पुरत नव्हत्या. आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास आला, भारत धरून पाच देशांतला, १ ते १.८ किलोच्या बाळांवरचा. स्थिर होईपर्यंत न थांबता जन्मल्यापासूनच आईच्या छातीवर ठेवलं तर मृत्यू चतुर्थांशाने कमी होतात असं त्यात दिसलं. १ ते १.८. माझी चिऊ १.७१. हे मी घरी आल्यावर मोबाईलवर वाचलं आणि त्या पहिल्या चार दिवसांसाठी अजून जीव हळहळतो. मला मागता आलं असतं, मला माहीतच नव्हतं. म्हणून इथे लिहितेय. तुमच्या घरात असं बाळ आलं तर पहिल्याच दिवशी विचारा.

माझ्या आजीचा एक शब्द होता, पान्हा चोरते. वासरू जवळ नसलं की गाय पान्हा चोरते, कितीही धार काढा, आचळं कोरडी. आठ दिवस मी दर तीन तासांनी भिंतीकडे बघत दूध काढत होते आणि दर वेळी जेमतेम वाटीचा तळ झाकायचा. नवव्या दिवशी चिऊ छातीवर होती, मी काहीच करत नव्हते, तिच्या टाळूकडे बघत होते, ती टाळू वरखाली होत होती. तिने झोपेतच नुसते ओठ हलवले, चुटूचुटू, आणि माझ्या दोन्ही बाजूंना मुंग्या आल्यासारखं झालं आणि ओढणी भिजली. नुसती भिजली नाही, थेंब खाली लादीवर पडले. डॉक्टर म्हणतात हे ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनचं काम, काळजी आणि वेदना असली की ते अडतं, बाळाच्या वासाने-स्पर्शाने सुटतं. आपल्याकडे त्याला आधीपासून शब्द आहे. पान्हा फुटला. त्यानंतर मी कधी भिंतीकडे बघून दूध काढलं नाही, तिचं टोपडं नाकाशी धरून काढायचे.

एकोणिसाव्या दिवशी घरी आलो, १८४० ग्रॅम. नाशिकची डिसेंबरअखेरची थंडी, त्यामुळे खोलीत हीटर, आणि धुरीवरून आईशी माझं थोडं वाजलं. बाळंतशोपा आणि ओव्याची धुरी दिल्याशिवाय बाळंतीण असते का, असं तिचं म्हणणं, पण या फुप्फुसांना धूर नको हे तिला डॉक्टरांनीच सांगितल्यावर ती गप्प बसली. बाळगुटीचंही तसंच. तिने वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ सगळं एका नव्या फडक्यात बांधून तयार ठेवलं होतं. पहिले सहा महिने दूध आणि डॉक्टरांची ड्रॉप्स, बाकी मध नाही, गुटी नाही, पाणी नाही, असं मी म्हटलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिने वाद घातला नाही. सहाण धुवून देव्हाऱ्याशेजारी उभी करून ठेवली आणि अळिवाचे लाडू करायला घेतले. माझं बरोबर होतं आणि तरीही मला वाईट वाटलं, ह्या दोन गोष्टी एकदम खऱ्या असतात.

मग २१ जानेवारीला सहा आठवड्यांची इंजेक्शनं. लशी जन्मतारखेनेच द्यायच्या, तिथे करेक्टेड वय धरायचं नाही. म्हणजे जिची जन्मायची तारीख अजून आठवडाभर लांब होती तिला पेंटाव्हॅलंट टोचून झालं होतं! आणि २८ जानेवारीला, मूळ तारखेला, आईने सकाळी शिरा केला आणि चिऊच्या कपाळाला तीट लावून म्हणाली, आज खरी आलीस तू. मी वहीत त्या दिवसापासून दुसरी मोजणी सुरू केली. डावीकडे जन्माचं वय, उजवीकडे तारखेचं.

वही हा माझा त्या काळातला जीवच होता. कधी पाजलं, किती वेळ, कुठल्या बाजूला, शू किती, शी किती, किती दूध टाकलं, ढेकर आली की नाही. वजनाचा डिजिटल काटा घरी आणला आणि पाजायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ठेवायला लागले. ४० ग्रॅम वाढले तर दिवस चांगला, १५ वाढले तर मी जेवायचे नाही. मार्चच्या सुरुवातीला तर रोज संध्याकाळी पाच ते नऊ ती छातीवरून हलायलाच तयार नसायची, दहा मिनिटं प्यायची, सोडायची, रडायची, परत. येणारा जाणारा म्हणणार, दूध पुरत नाहीये गं, डबा सुरू कर. आणि मला ते पटायला लागलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, चोवीस तासांत शू किती? म्हटलं आठ-नऊ. सहाच्या वर आहे ना, आणि आठवड्याचं वजन? रोजचे पंचवीस-तीस ग्रॅम पडतायत. मग दूध पुरतंय, ती संध्याकाळी जास्त पिऊन उद्याची ऑर्डर देतेय, जितकं ओढेल तितकं बनतं. काटा आठवड्यातून एकदाच वापरा. घरी आल्यावर आईने काटा कपाटावर ठेवला, माझा हात पोचणार नाही असा, आणि मी काही बोलले नाही.

हसू. हसण्याबद्दल मी खूप वाट बघितली. झोपेत ती आधीपासून हसायची, आई म्हणायची सटवाई हसवतेय, पण ते माझ्यासाठी नव्हतं. दीड-दोन महिन्यांत बाळ ओळखून हसतं असं सगळीकडे लिहिलेलं, आणि आमचे तीन महिने होऊन गेलेले. शेजारच्या विंगमध्ये चिऊच्या दोनच दिवस मागचं एक बाळ आहे, पूर्ण दिवसांचं, गुटगुटीत, ते फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच लिफ्टमध्ये अनोळखी माणसांकडे बघून खुदखुदायचं. मी लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागले. मग १६ मार्चला, पाडव्याच्या थोडं आधी, दुपारी लाळेरं बदलत होते, चिऊ माझ्या कपाळाकडे बघत होती, केसांच्या रेषेकडे, तिथे त्यांना काळंपांढरं नीट दिसतं म्हणून. मग नजर खाली आली. डोळ्यांवर थांबली. आधी भुवया उचलल्या, मग श्वास थांबल्यासारखा झाला, मग एकाच बाजूचा ओठ वर गेला, आणि मग सगळा चेहरा. मी लाळेरं हातात घेऊन तशीच. वहीत डावीकडे लिहिलं ९६ दिवस. उजवीकडे ४७. ४७ म्हणजे सहा आठवडे नि पाच दिवस, पुस्तकात लिहिलंय अगदी तेव्हाच. त्या दिवशी मला करेक्टेड वय कळलं. तीन महिने फाइलवर लिहिलेलं होतं, कळलं तेव्हा.

मग मान. मान धरली का, हा प्रश्न महाराष्ट्रात बाळाच्या आईला जितक्या वेळा विचारतात तितक्या वेळा तू जेवलीस का हे विचारत नाहीत. चिऊने मान धरली मेच्या मध्यावर, जन्मावरून पाच महिने उलटून गेल्यावर, तारखेवरून साडेतीन. मधल्या काळात फिजिओने दाखवल्याप्रमाणे दुपट्याची गुंडाळी छातीखाली घालून दिवसातून चार-पाचदा पालथं घालायचो, ती नाक गादीत खुपसून ओरडायची, नवरा तिच्यासमोर जमिनीला गाल लावून झोपायचा आणि चमचा वाजवायचा.

एका डॉक्टर मैत्रिणीने मला त्या दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेचा एक तक्ता दाखवला. घाना, भारत, नॉर्वे, ओमान, अमेरिका अशा पाच देशांतली निरोगी मुलं वर्षानुवर्षं बघून केलेला, २००६ मध्ये आलेला. त्यात प्रत्येक गोष्टीपुढे एक तारीख नाहीये, लांबलचक पट्टी आहे. आधाराशिवाय बसणं ३.८ महिन्यांपासून ९.२ पर्यंत. एकट्याने चालणं ८.२ पासून १७.६ पर्यंत. नऊ महिन्यांचा फरक आणि दोन्ही टोकांची मुलं निरोगी! ती पट्टी बघून मला जे हायसं वाटलं ते कुणाच्या समजुतीने वाटलं नव्हतं.

पण ह्याचा अर्थ होईल आपोआप, आमचा बाब्या पण उशिराच बोलला, असा घेऊ नका, ह्या बोलण्याचा मला मनापासून राग येतो. करेक्टेड तीन महिने झाले तरी बाळ माणसाकडे बघून हसत नसेल, चार-पाच महिने झाले तरी मान लटकत असेल, एकच हात वापरत असेल, आवाजाकडे वळत नसेल, अंग फार कडक किंवा फार सैल लागत असेल तर बाळाच्या डॉक्टरकडे जायचंच. कमी दिवसांच्या बाळाची डोळ्यांची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायलाच हवी, रेटिनाची, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याची, ती चुकली तर नंतर हाती काही राहत नाही. कानाची तपासणी वेगळी. पैशांचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयांत लवकर निदान आणि उपचारांची केंद्रं असतात, अंगणवाडी ताईला विचारा. वाट बघणं आणि लक्ष न देणं ह्यात फार फरक आहे.

उष्टावण सातव्या महिन्यात केलं, मुलीचं विषम महिन्यात करतात म्हणून सासूबाईंना पाचवा हवा होता, पण पाचव्यात तिची मानही स्थिर नव्हती. जुलैपर्यंत ती मांडीत टेकून नीट बसायला लागली होती, आपण घास घेतला की तिचं तोंड आपोआप उघडायचं, आणि चमचा लावला तर जीभ तो बाहेर ढकलत नव्हती. खीर नाही, एक वर्षापर्यंत साखर-मीठ नको सांगितलं होतं. मऊ भात, मुगाची डाळ, वर तूप, आणि सासूबाईंनी ते इतकं घोटलं की चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही. नुसतं वरणाचं पाणी देऊन पोट भरतं पण अंगी काही लागत नाही, हे डॉक्टरांच्या आधी त्यांनीच मला सांगितलं. माझ्या भावाने, म्हणजे मामाने, चांदीच्या चमच्याने पहिला घास दिला. चिऊने तो तोंडात धरून ठेवला, डोळे मोठे केले, अंगावर शहारा आला तिच्या, आणि मग गिळला. लोहाचे थेंब अजून चालूच आहेत, कारण पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत आईकडून जो साठा बाळाला मिळतो तो हिला मिळालाच नाही. सात आठवड्यांचं ते देणं आम्ही अजून थेंबाथेंबाने फेडतोय.

सप्टेंबरमध्ये बसली. आता तिला अकरावा चालू आहे, तारखेने नऊ महिने झाले. हल्ली विचारतात, रांगते का? नाही रांगत. ती बसल्या बसल्या एक हात टेकवून ढुंगणावर सरकते, आणि त्याच तक्त्याच्या अभ्यासात शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नव्हती हे मला माहीत आहे, डॉक्टरांनीही पाय, कंबर सगळं तपासून पाहिलंय. आईने बोंडलं परत माळ्यावर ठेवलं नाहीये, उकळलेलं पाणी ती त्यातूनच देते. आत्ता हे लिहितेय तर स्वयंपाकघरात कुकरचं झाकण वाजलंय, आणि चिऊ ते बोंडलं मुठीत उलटं धरून, लादीवर ठणठण आपटत, दाराकडे सरकायला निघाली आहे.